रायापूरचा चढ आणि फिरतं घर

चढ म्हटला की आपल्याला अनमोड घाट आठवतो, नाहीतर चोर्ला. पण इंजिनाचा जीव घेणारा चढ मी पाहिला तो रायापूरला, हुबळी आणि धारवाडच्या मध्ये. तिथं चढ आहे हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं!

1976 सालची गोष्ट. शिगम्याच्या सुमारास मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही धारवाडला गेलो होतो. हुबळीहून बस्ता बांधून मामांबरोबर परतत असताना रायापूरला रस्त्याकडेला एक जुनी फोक्सवॅगन उभी दिसली. आत गादी, कपाट, स्टोव्ह, खिडक्यांना पडदे. सगळं बिऱ्हाडच! हंपीहून हणजुणेला निघालेलं एक गोरं जोडपं बाजूला हताश बसलं होतं.

मिस्त्री गाडीच्या मागच्या बाजूला वाकला होता. मामांनी रेडिएटर कुठं आहे विचारलं, तर तो हसला. "साहेब, हिला पाणी नाही बघा. वारं हेच हिचं पाणी. अन् ह्यांनी टॉपमध्येच ओढत आणली."

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. या गाडीचं इंजिन मागं असतं आणि ते हवेनं थंड होतं. हवा देणारा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. टॉप गिअरमध्ये गाडी चढावर रेटली की इंजिनाचे फेरे कमी होतात, म्हणजे पंखाही मंदावतो. ओझं जास्त, वारा कमी! त्यातून त्या काळच्या इंजिनांत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या वाऱ्यात आडवा येई, त्यामुळे तोच आधी तापे. खालचा गिअर टाकला तर इंजिन ओरडतं, पण श्वास घेतं.

1950 साली ही गाडी आली तेव्हा इंजिन होतं 1131 सीसीचं, ताकद जेमतेम 25 अश्वशक्ती. म्हणून मागच्या चाकांपाशी वेगळी दातेरी चक्रं बसवलेली असत. वेग कमी, पण ओढ चांगली. ही युक्ती महायुद्धातल्या लष्करी गाडीवरून घेतलेली. पुढं वेस्टफालिया कंपनीनं त्यात घर थाटलं, वजन वाढलं. 1967 साली नवी बॉडी आली आणि ती चक्रं गेली. 1973च्या मॉडेलपासून तीन गिअरचा ऑटोमॅटिकही मिळू लागला. सोय झाली, पण थोडी ताकद त्यातच खर्ची पडे.

अशी बिऱ्हाडं तेव्हा युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून गोव्यात येत. डोंगरातल्या खिंडी पार केलेली गाडी रायापूरला का बसावी? कारण खिंडीत माणूस घाबरून गिअर उतरवतो. धारवाड हुबळीपेक्षा उंचावर आहे, पण रस्ता इतका हळूहळू चढतो की हात गिअरकडे जातच नाही.

1979 साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. आपण हिप्पींची गाणी, चिलमी आठवतो. त्यांची घरं चालू ठेवणारे रस्त्याकडेचे मिस्त्री मात्र विसरलो.

रायापूरच्या त्याच रस्त्यावरून 2018 साली वातानुकूलित 'चिगरी' बस सुरू झाल्या. चिगरी म्हणजे हरीण. तिथून जाताना मला मात्र अजून ती दमलेली गाडी दिसते, आणि हात आपसूक गिअरवर जातो.