पथ्याचा उत्तरार्ध

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. दोन दिवसांनी एकादशी येते आणि चातुर्मास लागतो. चार महिने कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून त्या नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याचा झुणका असा यथासांग निरोप समारंभ होतो. आता हा नेम घरोघर राहिलेला नाही, आणि पाळणारे तो पोटाकरिता पाळतात असेही नाही. परंतु या रूढीतली एक गोष्ट मला मोठी शहाणपणाची वाटते. कांदा सोडण्याची जशी तिथी आहे, तशी तो परत घेण्याचीही आहे. कार्तिकी एकादशी झाली की तो मुकाट्याने स्वयंपाकघरात येऊन बसतो, आणि 'का आलास' म्हणून त्याला कोणी विचारीत नाही.

पोटाच्या दुखण्यांवर माणसाने जी जी पथ्ये काढली, त्यांच्या इतिहासात ही दुसरी तिथी बहुधा हरवलेली दिसते.

या इतिहासाकडे मी हौसेने वळलो नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व्यवसाय मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. तिन्हींचा वैद्यकाशी काही संबंध नाही. पण गेली काही वर्षे माझे पोट हाच माझ्या दिनचर्येचा मुख्याध्यापक होऊन बसला होता. तिसऱ्या तासाला फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो की कळ येई. प्रवासाला निघायचे तर एसटी कोठे किती वेळ थांबते याची चौकशी आधी. कधी चार दिवस काही नाही, तर कधी एका सकाळीच चार वेळा. रक्त, मल, दुर्बीण अशा सगळ्या तपासण्या झाल्या आणि सगळ्या निर्मळ निघाल्या. डॉक्टरांनी 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' असे नाव सांगितले; मी त्याचे 'चिडखोर आतडे' असे भाषांतर करून घेतले. या दुखण्याने कोणी मरत नाही, हे डॉक्टर जितक्या आनंदाने सांगतात तितक्या आनंदाने ते ऐकता येत नाही. पंगतीला न जाण्याची कारणे शोधता शोधता मनुष्य हळूहळू माणसांतूनच उठतो.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी एक यादी दिली. कांदा, लसूण, गहू, बहुतेक डाळी व उसळी, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, मध हे सारे चार आठवडे बंद. यादी वाचून घरात शांतता पसरली. "यातून पाहुण्यांपुढे ठेवायचे काय?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता. ही यादी निघाली तरी कोणाच्या डोक्यातून, हे पाहावे म्हणून मी पुस्तके चाळू लागलो.

अन्नाने बिघडलेले अन्नानेच सुधारावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीदोषाचा आहे आणि त्यात ताकाची थोरवी सांगितली आहे. पथ्य पाळणाऱ्याला औषध कशाला आणि न पाळणाऱ्याला औषधाचा उपयोग काय, असे लोलिंबराजाने 'वैद्यजीवना'त विचारले. ते आजही वैद्यांच्या तोंडी असते. पण मला याहून मोलाचा वाटतो तो चरकाचा संसर्जनक्रम. वमन-विरेचनानंतर रोग्याला एकदम पूर्ण ताटावर बसवायचे नाही. आधी पातळ पेज, मग घट्ट पेज, मग आळणी कढण, मग फोडणीमिठाचे कढण, अशा पायऱ्यांनी त्याला नेहमीच्या जेवणावर आणायचे. कोणत्या पायरीवर किती जेवणे, हेही ठरलेले. म्हणजे आमच्या जुन्या वैद्यांना पथ्याचा उत्तरार्ध ठाऊक होता. लोकांच्या ध्यानात पूर्वार्ध तेवढा राहिला. वांगे नको, आंबट नको, तेलकट नको! कधीपर्यंत नको, हे कोणी विचारलेच नाही.

पश्चिमेकडची कथा याहून रंजक आहे. ती माझ्या दुखण्याची नव्हे, त्याच्या एका दांडग्या चुलतभावाची आहे. सीलिअ‍ॅक नावाच्या रोगात मुलाचे पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. १८८७ साली सॅम्युएल जी या डॉक्टराने लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात यावर व्याख्यान दिले. हा रोग बरा व्हायचाच तर तो आहाराने होईल, हे त्याने ओळखले. कोणत्या आहाराने, हे मात्र उमगले नाही. एका मुलाला रोज हॉलंडमधल्या शिंपल्यांचे मांस खाऊ घातले, तर ते बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि मूल पुन्हा खंगले. पुढल्या वर्षी हंगाम परत आला, तेव्हा मूल काही केल्या शिंपले तोंडात घेईना! जी याने हे स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्या मुलाविषयी मला फार आपुलकी वाटते.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास याने केळ्यांचा आहार जाहीर केला. पाव, बिस्किटे, बटाटे, सगळी धान्ये बंद. त्याऐवजी पिकलेली केळी भरपूर. आठ मुलांवर त्याने हा प्रयोग केला आणि मुले खरोखरच सुधारली. मग काय, केळ्याचा जयजयकार झाला. केळ्यात काही अद्भुत गुण आहे, ही समजूत पुढे पंचवीस-तीस वर्षे टिकली. वास्तविक मुले केळ्यांमुळे सुधारली नव्हती. पावाबरोबर गहू गेला म्हणून सुधारली होती. पण एकदम इतके पदार्थ बंद केल्यावर गुन्हेगार कळायचा कसा? सगळा वर्ग बाहेर उभा केला की वर्गात शांतता होते, खोडी कोणाची हे कळत नाही. मास्तराला हे वेगळे सांगायला नको.

ती खोडी ज्याने पकडली तो विलेम डिके, हेगच्या बालरुग्णालयातला डॉक्टर. गव्हाविषयीचा संशय त्याला महायुद्धापूर्वीच आला होता आणि १९४१ मध्ये गव्हावाचूनच्या आहारावर त्याने लिहिलेही होते. पुढे १९४४-४५ चा तो भयंकर हिवाळा आला. पश्चिम हॉलंडमध्ये अन्न येईना, लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, हजारो माणसे उपासमारीने गेली. त्या दिवसांत पाव दिसेनासा झाला, आणि ही नेमकी सीलिअ‍ॅकची मुले मात्र ठीक राहिली. दुष्काळाने डिकेला साक्षात्कार झाला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. कादंबरीकाराला ते सोयीचे आहे, पण खरे नाही. दुष्काळाने जुन्या संशयाला बळ दिले इतकेच. खरे काम त्याने नंतर केले, आणि ते नाट्यमय मुळीच नव्हते. त्याने मुलांना सोडलेले अन्न परत दिले. एकेक धान्य, मोजून, आठवडेच्या आठवडे. गहू दिला की भूक मंदावे, वजन घटे, मलातली चरबी वाढे; तांदूळ दिला की तसे होत नसे. १९५० साली त्याने हे सारे प्रबंधात मांडले, आणि लवकरच दोष गव्हातल्या ग्लूटेनचा, हेही सिद्ध झाले. हासने अन्न काढून घेतले व तो समाधान पावला. डिकेने ते परत दिले, म्हणून त्याला कारण सापडले.

चिडखोर आतड्याला असा एकच गुन्हेगार नाही, त्यामुळे त्याच्या रोग्यांनी सल्लेही तऱ्हेतऱ्हेचे ऐकले. एके काळी त्यांना चोथा नसलेले मऊ अन्न देत. १९७० नंतर डेनिस बर्किट याने चोथ्याची महती गायिली, तेव्हा त्याच रोग्यांना गव्हाचा कोंडा चमच्याचमच्याने चारण्यात आला. १९९४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी रोग्यांनाच विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जण म्हणाले, कोंड्याने आम्ही अधिकच बिघडलो!

माझ्या हाती आलेली यादी मेलबर्नची. मोनॅश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी २००५ साली या पदार्थांना 'फॉडमॅप' असे आद्याक्षरांचे नाव दिले. यातली शास्त्रीय गोष्ट साधी आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. कांदा, लसूण आणि गहू यांतल्या फ्रुक्टनची साखळी तोडणारे पाचक द्रव्य तर कोणाही माणसाच्या पोटात नसते. या शर्करा पाणी ओढून घेत पुढे सरकतात, मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात आणि वायू धरतो. हे सगळ्यांच्याच पोटात होते. चिडखोर आतड्याच्या मज्जातंतूंना ते सोसत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३० रोग्यांना २१ दिवस असे पथ्याचे जेवण आणि २१ दिवस नेहमीचे जेवण दिले, तेव्हा पथ्याच्या काळात त्रास सुमारे निम्म्यावर आला. मौज अशी की जास्त पिकलेल्या केळ्यातही फ्रुक्टन बरेच असते. हासचे केळे आमच्या यादीत संशयितांत आहे!

पण त्या यादीच्या पाठीमागचा मजकूर फार थोडे लोक वाचतात. दोन ते सहा आठवडे पूर्ण पथ्य. नंतर एकेक पदार्थ तीन-तीन दिवस, वाढत्या प्रमाणात घेऊन पाहायचा. जो सोसेल तो कायमचा ताटात परत घ्यायचा. पहिल्या टप्प्यावरच राहू नये, कारण या शर्करांवर पोटातले उपकारक जंतूही जगतात. शिवाय गहू सोडण्यापूर्वी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्यावी लागते. आधीच गहू सोडला तर तपासणीत रोग लपतो. वजन घटणे, मलातून रक्त जाणे, रक्त कमी होणे अशी लक्षणे असतील तर यादी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

माझा एक मावसभाऊ पहिल्या टप्प्यातच राहिला. बरे वाटले, म्हणून त्याने आणखी काही सोडले. पुन्हा दुखले, म्हणून आणखी. दोन वर्षांत तो मऊ भात आणि दुधीवर आला. सदरा खांद्यावरून ओघळू लागला, आणि लेकीच्या साखरपुड्याला तो डबा घेऊन कोपऱ्यात बसला. पथ्याचे असे व्रत होते. व्रताचा पेच केवढा कठीण, हे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडले. १९१८ मध्ये अतिसाराने ते मरणाच्या दारी गेले. पुढे शक्ती भरून येईना, तेव्हा डॉक्टर दुधाचा आग्रह धरू लागले. शेवटी बकरीच्या दुधाची वाट कस्तुरबांनी काढली. प्रतिज्ञेचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही खंत गांधीजींना कायम राहिली. मावसभावाला अशी वाट काढून देणारे कोणी नव्हते. आता तो त्याच आहारतज्ज्ञ बाईंकडे जातो. मागल्या महिन्यात त्याने मुगाच्या वरणाचे दोन चमचे घेतले आणि रात्री मला फोन करून सांगितले.

माझे चार आठवडे ज्वारीची भाकरी, भात, मेथी, भेंडी आणि हिंगाच्या फोडणीवर गेले. हिंगदेखील डबा वाचून घेतला, कारण बाजारच्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. दहाव्या दिवशी तिसरा तास निर्विघ्न पार पडला. मग वही घातली. दूध अर्धा पेला चालते. ताक त्याहून सुखाने जाते, कारण दुधातली साखर काही अंशी विरजणातच खर्च होते. पोळ्या दोन चालतात, तिसरी बोलते. कांदा कच्चा मुळीच नाही. लसूण तेलात तळसून पाकळ्या काढून टाकल्या तर चालते, कारण फ्रुक्टन तेलात उतरत नाही. हा शोध ज्या दिवशी लागला त्या दिवशी घरात गोडधोड झाले. यंदाच्या फराळात चिवडा माझ्याकरिता वेगळा करावा लागलेला नाही. अनारसे दोन, शंकरपाळे मोजून सहा. चकलीची परीक्षा व्हायची आहे. भाजणीत हरभऱ्याची आणि उडदाची अशा दोन्ही डाळी असल्यामुळे वहीत तिच्यासाठी वेगळे पान राखून ठेवले आहे.