पिकांची फेरपालट आणि तुरीची मर

एकाच शेतात दरवर्षी तेच पीक न घेता मधल्या हंगामांत वेगळे पीक घेऊन जमिनीतील रोगकारकांचा आधार तोडण्याची पद्धत. कर्नाटकातील मादन हिप्परगा (ता. आळंद, जि. कलबुर्गी) आणि बीदर-कलबुर्गी सीमाभागातील काळ्या जमिनीत तूर हे खरिपाचे महत्त्वाचे पीक आहे. येथील ‘गुलबर्गा तूरडाळी’ला (गुलबर्गा हे कलबुर्गीचे जुने नाव) २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीवर तूर घेत राहिल्यास या भागात मर रोगाचा धोका वाढतो.

रोगाचे स्वरूप : फ्युजेरियम उडम ही बुरशी बारीक मुळांतून शिरते व झाडातील जलवाहिन्या बंद करते. पाने पिवळी पडतात आणि बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना झाड उभे वाळते. बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढतो. साल काढल्यास आत काळपट रेषा दिसतात. शेंगा धरण्यापूर्वी मर लागलेल्या झाडाचे उत्पन्न पूर्ण बुडते.

फेरपालटीचे कार्य : ही बुरशी जमिनीतील रोगट मुळांच्या व धसकटांच्या अवशेषांवर सुमारे तीन वर्षे तग धरते. तिला रोग लावण्यासाठी तूरच लागते. त्यामुळे ज्वारीसारखे पीक आल्यावर अवशेष कुजतात, पण बुरशीला नवे मूळ मिळत नाही. तुरीआधी एक वर्ष ज्वारी घेतल्यास किंवा शेत पडीक ठेवल्यास, तसेच तुरीत ज्वारीचे आंतरपीक घेतल्यास मर कमी होते, असे पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या प्रयोगांत दिसले. म्हणून ज्वारीचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीवर राहणारा परिणाम) तुरीसाठी मोलाचा ठरतो.

मर्यादा : प्रत्येक रोगाला हीच फेरपालट लागू पडत नाही. हरभऱ्याच्या मरीची बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. कोरड्या मूळकुजीची मॅक्रोफोमिना बुरशी ज्वारीवरही जगते, त्यामुळे तिथे ज्वारीचा उपयोग नाही. म्हणून आधी रोग ओळखावा, मग पीक निवडावे.

जोड उपाय : रोगट झाडे मुळासकट उपटून जाळावीत, बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावी आणि मर-प्रतिकारक वाण पेरावेत. मारुती (आयसीपी ८८६३), कलबुर्गीचा टीएस-३आर आणि बदनापूरचा बीएसएमआर ७३६ हे असे वाण होत. प्रतिकारक वाण असला तरी फेरपालट सोडू नये. तोच वाण वर्षानुवर्षे पेरल्यास त्यावर मात करणारे बुरशीचे प्रकार वाढीस लागतात.