कुंडी बदलण्याचा इतिहास

आज पुष्कळ घरांच्या खिडकीत ऑर्किडची एखादी कुंडी दिसते. शास्त्रीय परिभाषेत ह्या वनस्पतींना आपण आमरे म्हणतो. दोन-तीन वर्षांनी त्यांची कुंडी बदलावी लागते, आणि नेमका त्याच वेळी मालकाचा धीर सुटतो. बाहेर लोंबणारी ती रुपेरी मुळे मातीत पुरावीत की काय, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न दोनशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या चुकीच्या उत्तरापायी असंख्य झाडे मेली आहेत.

झाडावर वाढणाऱ्या आमरांना आपण सहज बांडगूळ म्हणून मोकळे होतो. परंतु सह्याद्रीतील 'सीतेची वेणी' झाडाचा केवळ आधार घेते. त्याचा रस शोषीत नाही. इंग्लंडातील माळ्यांचीही अशीच फसगत झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्ण प्रदेशांतील आमरे तेथे पोहोचू लागली. माळ्यांनी ती मातीत लावली आणि कोंदट, कढत काचघरांत बंद केली. त्यांतली बहुतेक मेली. उष्ण प्रदेशांतील आमरांची स्मशानभूमी, अशी इंग्लंडची ख्याती झाली.

जॉन लिंडली हा त्या काळचा आमरकुलाचा थोर अभ्यासक. परंतु १८३० साली त्यानेही उष्णता आणि दमटपणा ह्यांचाच पुरस्कार केला. पुष्कळ आमरे थंड हवेच्या डोंगरांतून येतात, ही गोष्ट त्याच्यापर्यंत नीट पोहोचलीच नव्हती. वास्तविक त्यापूर्वीच जोसेफ बँक्सने शेवाळ घातलेल्या टोपल्यांत आमरे वाढवून पाहिली होती. पुढे चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टनने निरनिराळ्या उष्णमानाची काचघरे ठेवली आणि त्यांत हवा खेळू दिली. त्याच बागेचा जॉन गिब्सन १८३५ साली हिंदुस्थानात आला आणि १८३७ साली खासी टेकड्यांतील आमरे घेऊन परतला.

ह्या सगळ्याचे मर्म मुळात आहे. झाडावरील आमरांच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते, आणि मग त्याला हवा हवी असते. कोरडे असता मूळ रुपेरी दिसते, भिजले की हिरवे. म्हणून कुंडीत माती न घालता झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे घालतात. साल कालांतराने कुजते, तिचा चिखल होतो आणि मुळे गुदमरतात. कुंडी बदलायची ती ह्यासाठी. फुले ओसरल्यावर, नवी मुळे फुटू लागली की झाड हलक्या हाताने काढावे. पोकळ, तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. घट्ट मुळे राखावीत. कुंडी किंचितच मोठी घ्यावी. बाहेर झेपावलेल्या मुळांना जबरीने आत कोंबू नये.

अज्ञानाची किंमत केवळ कुंडीतल्या झाडांनीच मोजली असे नाही. झाडे मरत, म्हणून नवी आणावी लागत. आणि ती जगू लागली तेव्हा हौस व बाजार दोन्ही वाढले. अल्बर्ट मिलिकन ह्या संग्राहकाने १८९१ सालच्या आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की, कोलंबियात दहा हजार रोपांसाठी सुमारे चार हजार वृक्ष तोडण्यात आले. ह्या लुटीला पर्याय सापडला तो प्रयोगशाळेत. आमराच्या बीजाला रुजण्यास बुरशीचे साहाय्य लागते, हे नोएल बर्नार्डने १८९९ साली ताडले. १९२२ साली लुइस नड्सनने साखरयुक्त माध्यमावर बुरशीवाचूनही ते रुजवून दाखविले. १९७५ पासून आमरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित आहे.

तेव्हा रानातून उपटलेले रोप कोणी दारी विकावयास आणले तर घेऊ नये. आणि घरातल्या झाडाची कुंडी बदलताना, हे झाड मुळात कोठे आणि कसे वाढत होते, एवढे आधी विचारावे. लिंडलीसारख्या पंडिताच्याही हातून जे विचारावयाचे राहून गेले, ते आपल्याला आज सहज विचारता येते.