ठराव आणि अंमलबजावणी : महाड ते जासई
शासनाचा ठराव आपोआप हक्क होत नाही, हे रायगड जिल्ह्याच्या इतिहासात आम्हांस दोनदा दिसते. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावरच. 1927 मध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून तो हक्क प्रत्यक्षात बजावला.

याच जिल्ह्यातील जासई परिसरात, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्याकरिता दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जानेवारी 1984 मध्ये उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. तिच्या अंमलबजावणीसाठीही प्रकल्पग्रस्तांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. दिलेल्या शब्दाचा जाब विचारणे हे संघटित जनतेचे कर्तव्यच होय.