पुटपुटणाऱ्या गाण्याची कुळकथा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या एका जुन्या चर्चमधली प्रार्थना केव्हाच थांबली होती आणि आत विद्यार्थी भाड्याने राहत होते. ५ एप्रिल १९८० ला तिथे एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला चार मुलांनी गाणी वाजवली. बँडचं नावसुद्धा ठरलेलं नव्हतं. पुढे शब्दकोश उघडून त्यांनी तीन अक्षरं उचलली: आर.ई.एम.

पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. त्याने स्वतःसाठी बाजूला काढलेल्या रेकॉर्ड्स नेमक्या विकत घ्यायला येणारा मुलगा म्हणजे कलेचा विद्यार्थी मायकेल स्टाइप. बास वाजवणारा माइक मिल्स आणि ड्रमवरचा बिल बेरी हे मेकन गावचे शाळासोबती. हे मेकन महत्त्वाचं. ऑलमन ब्रदर्सचं, म्हणजे ज्याला जग 'सदर्न रॉक' म्हणत होतं त्या संगीताचं ते माहेर. ब्लूजमध्ये मुरलेले लांबलचक गिटार सोलो ही त्याची ओळख. त्याच गावात वाढलेल्या या दोघांच्या बँडने ती वाट सोडली.

बकला सोलोत रस नव्हता. रिकनबॅकर गिटारवर तो कॉर्ड एकदम न छेडता तिचे सूर सुटे करून वाजवी. त्यातून एक सलग किणकिण उठे. मोकळ्या झालेल्या जागेत मिल्सचा बास ठेका धरताधरता चालही गाऊ लागे. आणि स्टाइप? तो पुटपुटत असे. शब्द अर्धे कळत, अर्धे गिटारमध्ये बुडत. बऱ्याच जणांना तो दोष वाटला. मला वाटतं, या बँडचं दाक्षिणात्यपण त्या पुटपुटण्यातच आहे. दुपारी ओसरीवर बसलेली म्हातारी माणसं आपसात बोलतात तेव्हा परक्याला शब्द लागत नाहीत, पण काय चाललंय ते कळतं, तसं.

१९८३ च्या पहिल्या पूर्ण अल्बमचं नावही 'मर्मर'. तो ध्वनिमुद्रित झाला शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात. मुखपृष्ठावर कुडझू हा वेल पसरलेला आहे. जपानहून आणलेला हा वेल १९३० च्या दशकात मातीची धूप थांबवायला दक्षिणेत मुद्दाम लावला गेला आणि पुढे त्याने झाडं, खांब, पडकी घरं गिळली. आपल्या डोंगरउतारांवर घाणेरी माजते तसा. त्या वर्षी मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' सगळीकडे वाजत होता. तरी 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर'ला निवडलं.

गावातला आधीचा गाजलेला बँड, बी-फिफ्टीटूज, न्यूयॉर्कला गेला होता. आर.ई.एम.ने मुक्काम अथेन्समध्येच ठेवला. प्रत्येक गाण्याचं श्रेय चौघांच्या नावे सारखं लागे, त्यामुळे कुणाचं वाद्य पुढे यावं यासाठी गाणं वाकवावं लागलं नाही.

आवाज मात्र बदलत गेला. १९८६ च्या 'लाइफ्स रिच पेजंट'पासून स्टाइपचे शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागले. मग बकने मॅंडोलिन घेतलं. ते शिकताना, टीव्हीसमोर बसून सराव करत असताना त्याने टेप चालू ठेवली होती; त्यात १९९१ च्या 'लूझिंग माय रिलिजन'ची धून सापडली. आपल्याकडे अनेकांनी ते धर्म सोडण्याचं गाणं मानलं. दक्षिणेच्या बोलीत त्या शब्दांचा अर्थ 'आता संयम संपला' एवढाच. त्याचा गाजलेला व्हिडिओ दिग्दर्शित केला जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी, आणि त्यात भारतीय देवचित्रांची छायाही उमटली.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मैफलीत बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो बरा झाला, पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडला. उरलेल्या तिघांनी २०११ पर्यंत अल्बम काढले. त्यांतले काही चांगले आहेत, पण चौघांनी मिळून साधलेला तो तोल मला त्यांत ऐकू येत नाही.

या बँडशी तुमची ओळख मॅंडोलिनच्या त्या एकाच गाण्यापुरती असेल, तर एकदा 'मर्मर' ऐका. पहिल्या खेपेला शब्द शोधू नका. मिल्सचा बास कुठे जातो, तेवढं धरून ठेवा.