चाकू निवडताना

जळगाव-धुळ्याकडील घरांत विळीचा मान अजून टिकून असला, तरी ओट्याशी उभे राहून चिरताना चाकूच सोयीचा ठरतो. त्यासाठी मोठा संच घेण्याचे कारण नाही. भाज्यांसाठी सुमारे २० सेंटिमीटर पात्याचा मोठा, सोलण्यासाठी ८ ते १० सेंटिमीटरचा छोटा आणि पावासाठी दातेरी, असे तीन चाकू पुरेसे होतात.

पाते मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असावे. मूठ ओल्या हातातून निसटू नये. साध्या पोलादाला धार चटकन लागते. मात्र ते गंजते आणि कच्च्या केळीच्या चिकाने, लिंबाच्या रसाने काळवंडते. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्याने ते सहसा गंजत नाही. केळीच्या या मुलखात तेच बरे.

बोथट चाकूवर जोर द्यावा लागतो, तो घसरतो आणि बोट कापते. म्हणून धार वेळोवेळी लावावी. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात न चिरता लाकडी पाट वापरावा. चाकू धुऊन लगेच कोरडा करावा. भरितासाठी कांद्याची पात न चिरडता बारीक चिरली गेली, तर धार उत्तम समजावी. भाजलेली वांगी मात्र बडगीतच ठेचावीत.