जिंकून सोडलेल्या तीन जागा

डेटाबेसमध्ये कोणता कॉलम ठेवायचा, हे ठरवणारा माणूस पुढचं बरंच काही ठरवून टाकतो, हे मी नोकरीत शिकलो. फिजीमधल्या 1929च्या निवडणुकीबद्दल वाचताना तेच आठवलं. तिथल्या मतदार यादीत तो कॉलम वंशाचा होता.

पॅसिफिकमधल्या या ब्रिटिश वसाहतीत 1879 ते 1916 या काळात 60,000हून जास्त भारतीय उसाच्या मळ्यांवर राबायला नेले गेले. त्यांच्या कराराला ‘गिरमिट’ म्हणत. ‘अ‍ॅग्रीमेंट’ हा शब्द मजुरांच्या तोंडी असा झाला. 1920मध्ये गिरमिट संपलं आणि 1929मध्ये भारतीयांना विधिमंडळावर पहिल्यांदाच आपले प्रतिनिधी निवडता आले. जागा तीन. संख्येने कितीतरी कमी असलेल्या युरोपियनांना सहा. मूळ फिजियनांना तर मतच नव्हतं; त्यांचे तीन सदस्य गव्हर्नर नेमायचा. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं.

विष्णू देव, परमानंद सिंग आणि जेम्स रामचंदर राव निवडून आले. 5 नोव्हेंबरला विष्णू देव यांनी ठराव मांडला: वंशावर बेतलेले हक्क आम्हाला मान्य नाहीत, इतर ब्रिटिश प्रजाजनांसोबत एकाच यादीत मत द्या. ठराव पडला. तिघांनीही राजीनामे दिले. 1932च्या निवडणुकीपर्यंत त्या जागा रिकाम्याच राहिल्या.

आधी मला हा हट्ट वाटला. आत राहून भांडता आलं नसतं का? शाळा, जमिनीचे भाडेकरार यांबद्दल सभागृहात बोलायला तेवढी वर्षं निवडून आलेला एकही भारतीय नव्हता. ही किंमत लहान नाही.

पण यादीच वेगळी असेल, तर दुसऱ्या समाजाच्या उमेदवाराला तुमच्या दारात यावंच लागत नाही. त्याला तुमच्या मताची गरज नसते, त्यामुळे तुमच्या अडचणीचीही नसते. उलट आपल्या लोकांना ‘त्यांची’ भीती घातली की त्याचं काम भागतं. भीती होतीही: मूळ फिजियनांना आपल्या जमिनीची, युरोपियनांना आपल्या वरचढपणाची.

1963मध्ये मूळ फिजियनांना मत मिळालं, तेही वेगळ्या यादीत. 1970मध्ये स्वातंत्र्य आलं, कॉलम तसाच राहिला. सगळ्यांची एकच यादी असलेली पहिली निवडणूक झाली 2014मध्ये, म्हणजे त्या ठरावानंतर 85 वर्षांनी. आणि ती यादी आणली 2006च्या लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या सरकारने.

तिघांनी सभागृहात मागितलेली गोष्ट शेवटी बंदुकीच्या वाटेने आली. त्यांची मागणी बरोबर होती, हे मला पटतं. ती अशी पुरी झाली, याचा आनंद मात्र होत नाही.